ग्लिसरीनचा ड्रम, सॉर्बिट्रेटची गोळी आणि मधला पैसा

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत तुमच्या मामांचं बायोडिझेलचं छोटं युनिट आहे. हॉटेलं आणि फरसाणवाल्यांकडून वापरलेलं तेल उचलता, रोज साधारण ३ टन चालवता. तळाला जे काळपट ग्लिसरीन उरतं ते व्यापारी मनाला येईल त्या भावाने नेतो, आणि बाजार पडला की फिरकतच नाही. तुम्ही स्वतः केमिकल इंजिनिअर आहात. ग्लिसरीन, सॉर्बिटॉल, पेंटा या पॉलिऑलपासून (एका रेणूत अनेक हायड्रॉक्सिल गट असलेल्या अल्कोहोलांपासून) नायट्रेट एस्टर, म्हणजे नायट्रेट गट जोडलेली संयुगं बनतात, ती हृदयाच्या औषधात, शाईत आणि स्फोटकांत जातात आणि मूळ मालाच्या कितीतरी पट भावाने विकली जातात, असं तुमच्या वाचनात आलं. छातीदुखीवरच्या सॉर्बिट्रेट गोळीचं उदाहरणही दिलं आहे. मग आपणच पुढची पायरी का चढू नये, हा तुमचा सवाल.

आधी एक दुरुस्ती. सॉर्बिट्रेट ग्लिसरीनपासून बनत नाही. ते आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, आणि त्याचं मूळ सॉर्बिटॉल, म्हणजे शेवटी मक्याचं स्टार्च. ग्लिसरीनचं औषध वेगळं, ग्लिसरिल ट्रायनायट्रेट. स्फोटकांच्या दुनियेत त्यालाच नायट्रोग्लिसरीन म्हणतात. दोन्हींचं काम जवळपास एकच, रक्तवाहिन्या सैल करणं, पण पुरवठ्याच्या साखळ्या पूर्ण वेगळ्या आहेत.

दुसरं म्हणजे, ग्लिसरीनपासून काय बनवता येईल हा तुमचा खरा प्रश्न नाही. कागदावर खूप काही बनतं. मी ओलिओकेमिकलच्या खरेदी-विक्रीत आयुष्य काढलं, आता छोट्या युनिटांना सल्ला देतो. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक तरुण इंजिनिअर रिअॅक्शनपासून सुरुवात करतो. मी त्याला आधी एवढंच विचारतो की हा माल तुझा मुख्य माल आहे की जोडीने आलेला? या धंद्याचं अर्धं अर्थशास्त्र त्यात आलं.

ग्लिसरीन मुद्दाम बनवणारे जगात आता फार थोडे. साबणवाल्याला साबण हवा असतो, फॅटी अॅसिडवाल्याला अॅसिड, बायोडिझेलवाल्याला डिझेल. या तिघांच्या ताटाखाली ग्लिसरीन जमा होतं. तेलाच्या वजनाच्या साधारण १० टक्के. म्हणजे ग्लिसरीनचा पुरवठा ग्लिसरीनच्या मागणीवर चालतच नाही. इंडोनेशियाने डिझेलमधलं पाम तेलाचं प्रमाण वाढवलं की ग्लिसरीन वाढलं, कुणाला लागो न लागो. मुख्य माल महाग झाला म्हणून उत्पादक जास्त बनवतो, स्वस्त झाला म्हणून कमी. जोडीच्या मालाला ही मुभाच नाही. त्यामुळे भाव वर जातो तेव्हा झपाट्याने जातो आणि पडतो तेव्हा तळ लागत नाही. २००६ च्या सुमारास अमेरिकेत बायोडिझेल जोरात आलं तेव्हा कच्च्या ग्लिसरीनला पाउंडामागे जेमतेम काही सेंट मिळत होते. उलट कोविडच्या पहिल्या लाटेत सॅनिटायझरच्या मागणीने साध्या व्यापाऱ्यांनीही ग्लिसरीन दडवून ठेवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात ते फक्त १.४५ टक्के होतं, पण तेवढंही पुरलं.

हे उलटंपालटं आजचं नाही. पहिल्या महायुद्धात नायट्रोग्लिसरीनसाठी ग्लिसरीन हवं होतं आणि जर्मनीत चरबीचा तुटवडा. तेव्हा तिथे साखर आंबवून ग्लिसरीन काढलं, महिन्याला हजारेक टन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत गृहिणींना तळणाचं तूप-चरबी डब्यात साठवून खाटकाकडे परत द्यायला सांगत, कारण त्यातून ग्लिसरीन निघे. तुमच्या मामांचा धंदा तेव्हा देशभक्तीत मोडला असता! युद्धानंतर, १९४८ मध्ये, शेलने टेक्सासमध्ये प्रॉपिलिनपासून कृत्रिम ग्लिसरीन बनवायला सुरुवात केली. त्या मार्गावर एपिक्लोरोहायड्रिन, म्हणजे इपॉक्सी रेझिनचा कच्चा माल, हा मधला टप्पा. म्हणजे पेट्रोलियम, मग एपिक्लोरोहायड्रिन, मग ग्लिसरीन. बायोडिझेलच्या लाटेत हे गणित कोसळलं, डाऊने टेक्सासमधला आपला कृत्रिम ग्लिसरीनचा प्लँट २००६ मध्ये बंद केला, आणि लगेच २००७ मध्ये सोल्व्हेने फ्रान्समध्ये बाण उलटा फिरवला. ग्लिसरीनपासून एपिक्लोरोहायड्रिन. आपल्याकडे २०२२ मध्ये दहेजला मेघमणी फाइनकेमने, जिचं नाव आता एपिग्रल आहे, हाच मार्ग धरला, वर्षाला ५०,००० टन क्षमतेचा.

ग्लिसरीनची खरी पुढची पायरी ही आहे, नायट्रेट नव्हे. पण तिथे प्रमाण बघा. ग्लिसरीनचं रेणुवजन ९२, एपिक्लोरोहायड्रिनचं साडेब्याण्णव. म्हणजे अगदी आदर्श हिशेबातही टनाला टन ग्लिसरीन लागतं. ५०,००० टनांच्या प्लँटला दिवसाला १४०-१५० टन. तुमचं? रोज ३ टन तेल म्हणजे पुस्तकी हिशेबाने ३०० किलो ग्लिसरीन, महिन्याला ७-८ टन. ते त्या प्लँटला दीड तासही पुरणार नाही. आणि प्रत्यक्षात तुमचं त्याहून कमी असणार, कारण वापरलेल्या तेलात फ्री फॅटी अॅसिड जास्त. जे फॅटी अॅसिड आधीच सुटं झालेलं आहे त्याच्या मागे ग्लिसरीन उरलेलं नसतं. ते तव्यावर आणि पाण्यात कधीच गेलं.

आता बाकीच्या पॉलिऑलची थोडी ओळख, कारण तुम्ही सगळ्यांना एका माळेत ओवलंय.

सॉर्बिटॉल हा मुद्दाम बनवलेला माल. मका, स्टार्च, डेक्स्ट्रोज, आणि मग निकेल कॅटॅलिस्टवर हायड्रोजन. टूथपेस्टमध्ये, खोकल्याच्या औषधात, क जीवनसत्त्व बनवायला लागतो. बाजारात विकतात तो ७० टक्क्यांचा द्रव, म्हणजे प्रत्येक टँकरमध्ये ३० टक्के पाण्याचं भाडं तुम्ही भरता. म्हणून हा धंदा कारखान्यापासून ठरावीक अंतरातच पडतळीत बसतो, आणि म्हणूनच भारतातले सॉर्बिटॉलवाले मक्याच्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्ये बसलेले दिसतात, बरेचसे गुजरातेत. आपल्या चाळीसगाव-दोंडाईचा पट्ट्यातही मक्यावर स्टार्चचे कारखाने आहेत. अलीकडे मक्यापासून इथेनॉल सुरू झाल्यापासून या सगळ्यांच्या कच्च्या मालाचा भाव चढला. २०२४ मध्ये तर मका निर्यात करणारा आपला देश निव्वळ आयात करणारा झाला. टूथपेस्ट बनवणारी कंपनी त्याच प्रमाणात सॉर्बिटॉलचा भाव वाढवून देत नाही. मधला माणूस चेपला जातो.

पेंटा, म्हणजे पेंटाएरिथ्रिटॉल, रंगवाल्यांचा माल. फॉर्मल्डिहाइड आणि असेटाल्डिहाइडपासून बनतो, अल्किड रेझिनमध्ये जातो, म्हणजे ऑइल पेंट, प्रायमर, वॉर्निशमध्ये. आगीत फुगून लोखंडाला वाचवणाऱ्या रंगातही तोच. इथेही जोडीच्या मालाची गोष्ट आहेच. पेंटासोबत सोडियम किंवा कॅल्शियम फॉर्मेट अपरिहार्यपणे बनतं, सोडियमचं धरलं तर टनामागे सुमारे अर्धा टन. ते चामड्याच्या धंद्यात, पशुखाद्यात किंवा सिमेंटच्या कामात विकलं गेलं तरच पेंटा परवडतो. एशियन पेंट्सने कडलूरला स्वतःच्या रंगांसाठी पेंटा बनवला तो यासाठीच, की खप घरातच होता. स्वीडनच्या पर्स्टॉर्पने २०२४ मध्ये भरूच जिल्ह्यात सायखा इथे प्लँट सुरू केला. चीनचा स्वस्त माल आला की अँटी डम्पिंग ड्यूटीची मागणी होते, ड्यूटी लागते, मुदत संपते, पुन्हा मागणी होते. छोट्या माणसाने या लढाईत उतरू नये.

ग्लायकॉलचं सांगत बसत नाही. त्याचा बहुतेक खप पॉलिएस्टरमध्ये, भाव नाफ्त्याच्या तालावर. आणि फोमची गादी बनवणाऱ्याला 'पॉलिऑल' म्हटलं तर त्याच्या डोळ्यांसमोर यातलं काहीच येत नाही, त्याला प्रॉपिलिन ऑक्साइडवाले पॉलिइथर पॉलिऑल दिसतात. खरं तर 'पॉलिऑल' या नावाने विकल्या जाणाऱ्या मालात टनांच्या भाषेत सगळ्यात मोठा धंदा तोच. त्यात ग्लिसरीन आणि सॉर्बिटॉल 'स्टार्टर' म्हणून, म्हणजे साखळी जिथून सुरू होते तो रेणू म्हणून, थोडंसं जातं. गादीच्या मऊ फोमला ग्लिसरीन, फ्रिजच्या कडक फोमला सॉर्बिटॉल किंवा साखर. पण तिथे चालतं ते शुद्ध ग्लिसरीन, तुमचं काळं नव्हे.

आता नायट्रेट एस्टर. ती कशी बनवतात याच्या वाटेला मी जाणार नाही, आणि तुम्हीही जाऊ नका. १८८४ च्या एक्स्प्लोझिव्ह्ज अॅक्टमध्ये स्फोटकाच्या व्याख्येतच नायट्रोग्लिसरीन, नायट्रोग्लायकॉल, गन कॉटन ही नावं लिहिलेली आहेत. परवान्याशिवाय हात लावणं हा थेट गुन्हा आहे, 'प्रयोग म्हणून थोडंसं' ही पळवाट त्यात नाही. परवाना देणारी संघटना, पेसो, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. पण कायदा बाजूला ठेवून नुसता व्यवहार बघितला तरी काय दिसतं?

औषधापासून सुरू करू, कारण तुम्हाला तिथेच जास्त पैसा दिसला. सॉर्बिट्रेटची जिभेखालची गोळी ५ मिलिग्रॅमची. एक किलो औषधी द्रव्यात २ लाख गोळ्या. एक टनात २० कोटी. म्हणजे अख्ख्या देशाची गरज टनांत मोजायची झाली तरी ती एखाद्या छोट्या केमिकल युनिटच्या एका महिन्याच्या उत्पादनापुढे लाजेल. किलोचा भाव तुम्हाला डोळे दिपवणारा वाटतो, पण किलोच किती विकले जातात? शिवाय गोळीची किंमत सरकारने बांधून दिलेली. हे औषध अत्यावश्यक यादीत आहे, २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली येतं, गोळी रुपया-दोन रुपयांच्या आत मिळते. आणि मिळायलाच हवी. छातीत कळ आलेल्या माणसाच्या खिशात ती असली पाहिजे.

मग किलोमागचा तो मोठा भाव जातो कुठे? कच्च्या मालात तर नाहीच. सॉर्बिटॉल फुटकळ, आम्लंही तशी स्वस्त. पैसा जातो जागेत. स्फोटक माल हाताळणाऱ्या इमारतींमध्ये ठरावीक अंतर मोकळं सोडावं लागतं, दोन इमारतींत, इमारत आणि रस्त्यात, इमारत आणि वस्तीत. कोल्हापूरच्या एमआयडीसीत तुमचा जो प्लॉट आहे त्यावर असं काही उभं करण्याचा विचारसुद्धा करता येत नाही, शेजारी फाउंड्री आहे. दूर बसून चालवायची यंत्रणा, मातीचे बांध, वापरून उरलेल्या आम्लाची विल्हेवाट, कामगारांची तपासणी, विमा, सतत तपासण्या. औषध कंपनीला हा माल शुद्ध स्वरूपात कधी पाठवतही नाहीत, लॅक्टोजसारख्या निरुपद्रवी भुकटीत मिसळून सौम्य करूनच पाठवतात. म्हणजे त्या 'अनेक पट' भावात रसायनाचा वाटा किरकोळ, आणि सुरक्षिततेचा, कागदपत्रांचा आणि फार्माकोपियाच्या, म्हणजे औषधांच्या अधिकृत दर्जाग्रंथाच्या, दर्जाचा वाटा बहुतेक सगळा.

कामगारांची तपासणी मी उगाच लिहिली नाही. डायनामाइटच्या जुन्या कारखान्यांत सोमवारची डोकेदुखी प्रसिद्ध होती. आठवडाभर शरीराला नायट्रेटची सवय होई, रविवारी ती सुटे, सोमवारी कामावर आलं की डोकं फुटायची वेळ. काहीजण सवय तुटू नये म्हणून सुट्टीला जाताना टोपीच्या पट्टीत थोडा माल लावून नेत. याहून वाईट म्हणजे सुट्टीच्या दिवशी, नायट्रेट बंद पडल्यावर, काही धडधाकट कामगारांना छातीत कळा येत आणि काही दगावत. १८७९ मध्ये लंडनच्या विल्यम मरेल या डॉक्टरांनी याच नायट्रोग्लिसरीनचा सौम्य डोस छातीदुखीवर वापरून दाखवला. आणि आयुष्याच्या शेवटी खुद्द आल्फ्रेड नोबेलला डॉक्टरांनी तेच औषध लिहून दिलं होतं.

स्फोटकांकडे या. नोबेलचा १८६७ चा डायनामाइटचा पेटंट म्हणजे नायट्रोग्लिसरीन मातीत जिरवून हाताळण्याजोगं करणं. त्याआधी, १८६४ मध्ये, स्टॉकहोमजवळच्या त्यांच्या शेडमध्ये झालेल्या स्फोटात त्याचा धाकटा भाऊ एमिल गेला होता. त्यानंतर जवळपास शंभर वर्षं खाणी आणि बोगद्यांमध्ये याच कुळाचं राज्य होतं. पुढे काय झालं? अमोनियम नायट्रेट आलं. खतासारखे दाणे, तेलात मिसळलेले, किंवा पाण्यात विरघळवून तेलासोबत घोटलेलं इमल्शन. स्वस्त, डोकेदुखी नाही, ट्रकमधून थेट भोकात ओतता येतं. भारतात १ एप्रिल २००४ पासून नायट्रोग्लिसरीनवर आधारित स्फोटकांच्या उत्पादनावर बंदी आली. आज वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) कोळसा खाणीत किंवा दगडाच्या क्वारीत जे उडतं त्याचा आधार अमोनियम नायट्रेट, आणि त्याचा एक मोठा कारखाना तुमच्याच राज्यात तळोज्याला आहे. त्यालाही २०१२ पासून स्वतंत्र नियम आहेत. सांगायचा मुद्दा, नागरी स्फोटकांत ग्लिसरीनच्या नायट्रेटला भारतात बाजारच उरलेला नाही. तोफा-बंदुकांच्या दारूत ते अजून लागतं, पण तिथे गिऱ्हाईक सरकार आणि बनवणारे सरकारी आयुध कारखाने किंवा मोजक्या परवानाधारक कंपन्या. भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत जानेवारी २०२५ मध्ये आणि नागपूरजवळ बाजारगावच्या खासगी कारखान्यात डिसेंबर २०२३ मध्ये किती माणसं गेली, ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेलच. तिथे पिढ्यांचा अनुभव आणि सगळे परवाने होते.

राहिलं नायट्रोसेल्युलोज. सेल्युलोजही एका अर्थाने पॉलिऑलच, साखळीवर ओळीने हायड्रॉक्सिल. यातला कमी नायट्रोजनचा प्रकार लाकडाच्या पॉलिशमध्ये, पाकिटांवरच्या छपाईच्या शाईत, नेलपॉलिशमध्ये जातो. पॉलिऑलच्या नायट्रेट एस्टरांमध्ये सगळ्यात मोठा नागरी बाजार याचाच. तो नेहमी अल्कोहोलने किंवा पाण्याने ओला ठेवून विकतात. वाळला की काय होतं ते जगाने १२ ऑगस्ट २०१५ ला तिआनजिन बंदरात पाहिलं. कंटेनरमधलं नायट्रोसेल्युलोज सुकून आपोआप पेटलं, आग शेजारच्या अमोनियम नायट्रेटपर्यंत गेली, मृत आणि बेपत्ता मिळून १७३. तिथे कुणी काही बनवतही नव्हतं, नुसतं गोदाम होतं.

इथवरचं एका वाक्यात सांगायचं तर, नायट्रेट एस्टरचा वरचा भाव हा जोखमीचा आणि परवान्याचा भाव आहे. तो तुमच्या ग्लिसरीनला लागू होणारा नाही. हा रस्ता सोडा.

मग ड्रमांचं काय करायचं? इथून पुढचं माझं उत्तर तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सगळ्यांच्या मनात पहिला विचार येतो तो 'आपणच शुद्ध करू' हा. ९९.५ टक्क्यांच्या वरचं ग्लिसरीन काढायचं तर ते उडवावं लागतं, आणि साध्या दाबाखाली ते २९० अंशाला उकळायच्या आतच तुटायला लागतं, डोळे झोंबवणारं अॅक्रोलिन सुटतं. म्हणून खोल व्हॅक्यूमची डिस्टिलेशन लागते. त्यात तुमच्या कॅटॅलिस्टचं मीठ तळाला खपल्या धरतं, ते खरवडायची सोय हवी. मग कार्बनने रंग काढायचा. हा प्लँट दिवसाला काही टन चालला तरच भांडवल आणि वाफ वसूल होते. दिवसाला २५०-३०० किलोसाठी तो कधीच फिटत नाही. सांगली-कोल्हापूर-बेळगावच्या पाच-सहा युनिटांनी मिळून केला तर विचार करण्याजोगा, पण सहकाराचं नाव काढलं की आपल्याकडे आधी चेअरमन कोण यावर बैठक मोडते.

ज्यावर तुम्हाला आजच पैसा मिळू शकतो ती गोष्ट साधी आहे. कच्चं ग्लिसरीन त्यातल्या ग्लिसरॉलच्या टक्क्यावर विकतात, आणि राख, पाणी, मिथेनॉल आणि एमओएनजी, म्हणजे ग्लिसरॉल नसलेली बाकीची सेंद्रिय घाण, यांची वजावट होते. तुमचा व्यापारी ही वजावट डोळ्यांनी बघून करतो, म्हणजे अर्थात त्याच्या बाजूने करतो. सेटलरच्या (थर वेगळे होण्यासाठी माल शांत ठेवतात त्या टाकीच्या) तळातून जसं निघतं तसं विकाल तर त्यात मिथेनॉल आणि साबण भरपूर. मिथेनॉल तर तुम्ही विकत आणलेलं आहे. ते ग्लिसरीनच्या थरात जास्त जातं, तिथून परत काढलं तर तुमचाच खर्च वाचतो. बायोडिझेल युनिटांत माझ्या पाहण्यात पहिला पैसा इथेच मिळाला आहे. मात्र मिथेनॉलचा फ्लॅशपॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते तो बिंदू, ११-१२ अंश, म्हणजे आपल्या हवेत ते कायम पेटायला तयार. कंडेन्सर आणि विजेचं फिटिंग त्या लायकीचं हवं, आणि परवाना-नोंदवही रोजच्या रोज. मुंबईतल्या मालवणीच्या २०१५ च्या विषारी दारूकांडानंतर तर मिथेनॉलच्या हिशेबात दहा लिटरची तफावतही महागात पडते.

त्यानंतर आम्ल टाकून साबण फोडला की फॅटी अॅसिड वर तरंगतं. ते तुमच्याच एस्टरीफिकेशनला, म्हणजे फॅटी अॅसिडचं बायोडिझेल करण्याच्या पायरीला, परत जातं. खाली उरलेलं ग्लिसरीन ८० टक्क्यांच्या आसपास आणलंत की ते रिफायनरीला विकण्याजोगं होतं, व्यापाऱ्याला वळसा घालून. कोणतं आम्ल? ते खरेदीदाराला विचारून ठरवा, कारण मागे कोणतं मीठ राहतं यावर त्याच्या भांड्यांचं आयुष्य अवलंबून. तुम्ही कॅटॅलिस्ट म्हणून कॉस्टिक पोटॅश वापरत असाल तर फॉस्फोरिक आम्लाने पोटॅशियम फॉस्फेट मिळतं, ते खत म्हणून खपतं. ऊसपट्ट्यात राहता, गिऱ्हाईक शोधायला लांब जायची गरज नाही. कॉस्टिक सोडा वापरत असाल तर ही वाट बंद.

आणखी एक बाजार अलीकडे उघडला आहे, बायोगॅसचा. साखर कारखान्यांभोवती सीबीजीचे, म्हणजे दाबून भरलेल्या बायोगॅसचे, प्लँट उभे राहताहेत. कच्चं ग्लिसरीन थोड्या प्रमाणात शेण आणि प्रेसमडसोबत (साखर कारखान्याच्या गाळण्यातल्या मळीच्या गाळासोबत) दिलं तर गॅस चांगला वाढतो. जास्त दिलं तर डायजेस्टर आंबट होऊन बसतो आणि ऑपरेटर तुम्हाला पुन्हा दारात उभं करत नाही. मीठ जास्त असेल तरीही नको म्हणतील. बॉयलरमध्ये जाळण्याचा सल्ला कुणी दिला असेल तर माझा विरोध आहे. उष्मांक बायोडिझेलच्या निम्म्याहूनही कमी, राखेने नळ्या धरतात, आणि ज्वाला पुरेशी गरम नसेल तर तेच अॅक्रोलिन शेजाऱ्यांच्या डोळ्यांत जातं.

शेवटचा मुद्दा विचारला नाहीत, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुमचा माल उचलणारा व्यापारी तो पुढे कुठे देतो, माहीत आहे का? जानेवारी १९८६ च्या सुमारास मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांना प्यायला दिलेल्या ग्लिसरीनमुळे १४ जण गेले. ते औषधी ग्लिसरीन नव्हतंच, औद्योगिक होतं, आणि त्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेलं होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने ती साखळी उघड केली आणि पुढे आरोग्यमंत्र्यांना जावं लागलं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने मुलं गेली, त्यातली बरीच उपचाराला नागपुरात आणली होती, तिथेही तेच डायएथिलिन ग्लायकॉल. दिसायला, जिभेला, जाडसरपणाला ही सगळी भावंडं सारखीच. औषधी ग्लिसरीनला जो जास्तीचा भाव मिळतो तो या फरकाची हमी देण्याचा भाव आहे. त्यामुळे बिलावर आणि ड्रमवर 'औद्योगिक, अन्न व औषधासाठी नाही' असं ठळक छापा, प्रत्येक लॉटचा सीलबंद नमुना ठेवा, आणि रोखीने, बिलाशिवाय, कोऱ्या ड्रमात माल मागणाऱ्याला नकार द्या. पशुखाद्यवाला आला तर मिथेनॉलचा रिपोर्ट हातात असल्याशिवाय देऊ नका.

आता तुमच्याकडून मला काही माहिती लागेल. कॅटॅलिस्ट सोडा की पोटॅश? येणाऱ्या तेलात फ्री फॅटी अॅसिड किती? मिथेनॉल परत काढता का, आणि काढत असाल तर टनामागे नवीन किती लागतं? मान्यताप्राप्त लॅबमधून एका लॉटचं ग्लिसरॉल, राख, पाणी, मिथेनॉल आणि एमओएनजी तपासून घ्या, फार खर्च येत नाही. तो रिपोर्ट आणि व्यापाऱ्याची शेवटची दोन-तीन बिलं समोर आली की टनामागे किती सुटतंय हे लगेच सांगता येईल. तोवर नव्या रिअॅक्टरचं कोटेशन मागवू नका. मामांना माझा नमस्कार सांगा.